एक्स्पोर्ट ९२ टक्क्यांवर का अडकतो? व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या अपडेटची सरळ माहिती

तुळशीचं लग्न लागलं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या स्टुडिओंची कामं अंगावर येतात. एकाच मुहूर्तावर दोन-दोन लग्नं, मग यात्रा, कुस्त्यांची मैदानं आणि वैशाखात बेळगावातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. शूटिंग होतं, एडिटिंग होतं आणि शेवटचं एक बटण राहतं: एक्स्पोर्ट. तीन तासांची फिल्म रात्री अकराला लावावी आणि सकाळी बघावं, तर ९२ टक्क्यांवर थांबलेली. दुपारी पाहुणे पेनड्राइव्ह न्यायला येणार असतात.

हा त्रास जुनाच आहे, पण २०२५ च्या ऑक्टोबरनंतर त्यात भर पडली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्याच महिन्यापासून एनव्हिडियानं जीटीएक्स ९०० आणि जीटीएक्स १० मालिकेच्या ग्राफिक्स कार्डांसाठी नव्या सुधारणा देणं बंद केलं; या कार्डांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. आपल्याकडच्या कितीतरी स्टुडिओंत आजही विंडोज १० आणि १०५० टीआय किंवा १०६० हीच जोडी राबते आहे. त्यामुळे 'अपडेट करू की नको' हा प्रश्न आता टाळून चालत नाही. उत्तर द्यायचं, तर आधी एक्स्पोर्टच्या वेळी आत काय घडतं ते कळायला हवं.

एक्स्पोर्ट म्हणजे संगणक नेमकं काय करतो?

फुल एचडीच्या एका चित्रात, म्हणजे एका फ्रेममध्ये, १९२० गुणिले १०८० असे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट धरा. सेकंदाला २५ फ्रेम. हिशोब होतो सेकंदाला साधारण १५५ एमबी आणि तासाला ५६० जीबी. तीन तासांच्या लग्नाला दीड टीबीहून जास्त. एवढी फाइल कुणाच्या हातात देणार?

म्हणून ती आटवावी लागते. या आटवण्याला एन्कोडिंग म्हणतात. संगणक पहिली फ्रेम पूर्ण लिहितो. पुढच्या फ्रेमचे लहान लहान चौकोन करतो आणि प्रत्येक चौकोन मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये कुठे सापडतो का ते शोधतो. मंडपाचं कापड जागेवर आहे, स्टेजची फुलं जागेवर आहेत. तिथे 'मागच्यासारखंच' एवढं लिहिलं की झालं. नवरीचा हात हार घालायला वर गेला, तर 'हा चौकोन एवढा वर सरकला' एवढीच नोंद. सगळा वेळ जातो तो या शोधाशोधीत.

आता 'शुभमंगल सावधान' होतं आणि अक्षता पडतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, प्रत्येकाचा वेग वेगळा. मागच्या फ्रेममधलं काहीच पुढच्या फ्रेमला लागू पडत नाही. एन्कोडरचा खरा कस तिथे लागतो. मिरवणुकीतला गुलाल, आखाड्यात उडणारी तांबडी माती, खानापूरकडचा धो धो पाऊस, स्टेजमागची लुकलुकणारी एलईडी भिंत ही सगळी त्याच जातीची दृश्यं. फिल्म तीन तास छान दिसते आणि नेमक्या अक्षतांच्या वेळी चित्र चौकोनी-चौकोनी फुटतं, त्याचं कारण हेच.

फुटतं, कारण जागा ठरलेली असते. एका सेकंदाच्या व्हिडिओला किती माहिती वापरायची, त्या आकड्याला बिटरेट म्हणतात. २० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २० मेगाबिट (आठ बिटांचा एक बाइट), बिटरेट ठेवला तर तासाला ९ जीबी होतात. ५६० चे ९, म्हणजे साठपट आटवण. ८ एमबीपीएसवर तोच तास ३.६ जीबीत बसतो. अक्षतांना जास्त जागा आणि स्थिर दृश्याला कमी, अशी वाटणी चांगला एन्कोडर स्वतः करतो, म्हणून एकसारख्या बिटरेटपेक्षा बदलता बिटरेट निवडावा.

आणखी एक शब्द: कोडेक. आटवलेली फाइल कशी लिहायची आणि पुन्हा कशी उलगडायची, याचे ठरलेले नियम म्हणजे कोडेक. एच.२६४ हा २००३ चा, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ हा २०१३ चा, एव्ही१ हा २०१८ चा. इथे एक बारकावा आहे, आणि अपडेटचा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. नियम ठरलेत ते फाइल उलगडण्याचे. ती लिहिताना शोधाशोध कशी करायची, याची मोकळीक एन्कोडर बनवणाऱ्याला असते. म्हणून २००३ चेच नियम पाळून आजचा एन्कोडर तीच फाइल कमी वेळात आणि कमी जागेत लिहू शकतो, आणि ती तुमच्या गिऱ्हाइकाच्या जुन्या टीव्हीवरही चालते.

हे काम करतं कोण?

दोन जण करू शकतात. एक म्हणजे संगणकाचा मुख्य प्रोसेसर. तो घरातल्या सुगरणीसारखा, सांगाल ते करतो आणि नीट करतो, पण हातानं करतो म्हणून वेळ लागतो. दुसरा म्हणजे ग्राफिक्स कार्डात किंवा प्रोसेसरच्या पोटात बसवलेला खास तुकडा. तो शेवयांच्या यंत्रासारखा. त्याला शेवयांशिवाय काही येत नाही, पण त्या भराभर पाडतो. पहिल्या पद्धतीला सॉफ्टवेअर एन्कोडिंग म्हणतात, दुसरीला हार्डवेअर एन्कोडिंग. इंटेलचा असा तुकडा क्विक सिंक या नावानं २०११ मध्ये आला, एनव्हिडियाचा एनव्हेंक २०१२ मध्ये. एएमडीच्या बहुतेक कार्डांतही तो असतो.

'बहुतेक' हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण खरेदीत इथेच फसगत होते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, उदाहरणार्थ आय-फाइव्ह १२४००एफ, त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं, म्हणून क्विक सिंकही नाही. दुकानदार थोडा स्वस्त म्हणून तोच देतो. एनव्हिडियाच्या जीटी १०३० मध्ये एनव्हेंक नाही. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या दोन्हींत व्हिडिओ एन्कोड करणारा तुकडाच नाही. अशा यंत्रावर कितीही अपडेट करा, जे मुळात नाही ते येणार नाही.

काही यंत्रांत उलट असतं. तुकडा असतो, पण झोपवून ठेवलेला. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं की कित्येक मदरबोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन आतलं ग्राफिक्स, बहुधा 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' या नावानं, चालू केलं की क्विक सिंक दिसायला लागतो. एक पैसा न घालता होणारी ही सुधारणा आहे.

तुमच्याकडे काय चाललंय ते बघणं सोपं आहे. एक्स्पोर्ट लावा, टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'जीपीयू' (ग्राफिक्सचा भाग) निवडा. तिथे 'व्हिडिओ एन्कोड' नावाचा आलेख असतो. दिसत नसेल तर एखाद्या आलेखाच्या नावावर क्लिक करून निवडा. तो हलत असेल तर यंत्र शेवया पाडतंय. शून्यावर सपाट पडला असेल आणि सीपीयू (मुख्य प्रोसेसर) शंभरावर असेल, तर सगळा भार सुगरणीवर आहे.

अपडेटनं वेग वाढतो तो कशामुळे?

एडिटिंगचा प्रोग्रॅम थेट चिपशी बोलत नाही. मध्ये ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. आपल्या सीमाभागात हे समजावायला फार लांब जायला नको. एकाला मराठीच येते, दुसऱ्याला कानडीच, आणि मध्ये दोन्ही जाणणारा दुभाषा बसलेला. ड्रायव्हर म्हणजे तो दुभाषा. प्रोग्रॅमनं नवे शब्द वापरायला सुरुवात केली आणि दुभाषा जुनाच राहिला, तर निरोप पोचत नाही. प्रोग्रॅम नवा टाकला, ड्रायव्हर दोन वर्षांपूर्वीचा, आणि 'एन्कोडर सुरू करता आला नाही' असा एरर, ही नेहमीची तक्रार याच प्रकारची. काही प्रोग्रॅम तर एररमध्येच लिहितात, एनव्हेंकची अमुक आवृत्ती हवी, सापडली तमुक. हे आकडे वाचायची सवय लावून घ्या, अर्धं उत्तर तिथेच असतं.

उलटही होतं. चिप चांगली, दुभाषा चांगला, पण प्रोग्रॅमला त्या चिपची ओळखच नाही. विंडोजवरच्या अडोबी प्रीमिअर प्रोमध्ये एनव्हिडिया आणि एएमडी कार्डांचं हार्डवेअर एन्कोडिंग मे २०२० मधल्या १४.२ या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या आवृत्तीवर कुणी काम करत असेल, तर कार्ड कितीही भारी असो, त्यातला एनव्हेंक एक्स्पोर्टच्या वेळी रिकामा बसून असतो. अशा ठिकाणी अपडेटनं खरोखर जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याकडची. सोनीच्या ए७ फोरसारख्या नव्या कॅमेऱ्यांत १०-बिट ४:२:२ या प्रकारात, म्हणजे रंगाची जास्त माहिती राखून, एचईव्हीसीत शूट करता येतं. ही फाइल वाचणंच जड जातं. एनव्हिडियाच्या कार्डांना ४:२:२ हार्डवेअरवर वाचता येऊ लागलं ते २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मात्र अकराव्या पिढीपासून ते काम करतं. म्हणजे आरटीएक्स ३०६० घेऊनही टाइमलाइन अडखळते, आणि शेजारी साधा, 'एफ' नसलेला बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह तेच फुटेज सहज चालवतो. मात्र चिपला येतं म्हणून भागत नाही, प्रोग्रॅमलाही ते वापरता यायला हवं, आणि तो आधार पुढच्या आवृत्त्यांतूनच येतो.

तिसरं कारण स्थिरतेचं. प्रोग्रॅम काम करताना मेमरी घेतो आणि झाल्यावर सोडतो. कुठे चूक राहिली तर घेतलेली मेमरी सुटत नाही आणि थोडी थोडी साठत जाते. पाच मिनिटांच्या रीलमध्ये हे कळतही नाही. तीन तासांच्या फिल्ममध्ये २,७०,००० फ्रेम असतात. दर फ्रेमला किंचितशी गळती धरली तरी अडीच तासांच्या सुमाराला रॅम भरते आणि प्रोग्रॅम कोसळतो. आपल्याकडच्या लांब फिल्म अशा चुका उघड्या पाडतात. नव्या आवृत्तीच्या माहितीत 'लांब एक्स्पोर्टमधली मेमरीची दुरुस्ती' अशी ओळ दिसली, तर ते अपडेट तुमच्यासाठी आहे असं समजा.

गुऱ्हाळाचा हिशोब: अडतंय कुठे ते आधी बघा

गुऱ्हाळात ऊस येतो, चरकातून रस निघतो, काहिलीत आटतो, साच्यात गूळ पडतो. चरक जुना असेल तर मोठी काहील आणून गूळ लवकर पडत नाही. एक्स्पोर्टचंही तसंच. आधी फुटेज वाचून उलगडणं, मग रंग आणि इफेक्ट, मग एन्कोडिंग, शेवटी डिस्कवर लिहिणं. सगळ्यांत मंद पायरी जेवढी चालेल, तेवढाच एक्स्पोर्ट चालतो.

मोजायची रीत अशी. टाइमलाइनचा दोन मिनिटांचा तुकडा निवडा, त्यात अक्षता, दोन इफेक्ट आणि एक टायटल असू द्या. २५ फ्रेमनं त्यात ३,००० फ्रेम होतात. तीन वेळा एक्स्पोर्ट करा, पहिली वेळ सोडून द्या, कारण तेव्हा बऱ्याच गोष्टी नव्यानं मेमरीत येत असतात. ६० सेकंद लागले तर वेग सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे तीन तासांची फिल्म दीड तासात. हा आकडा वहीत लिहून ठेवा. अपडेटनंतर हाच तुकडा, हीच सेटिंग्ज. 'जरा फास्ट वाटतंय' यावर विश्वास ठेवू नका.

मोजताना टास्क मॅनेजर उघडा ठेवला तर मंद पायरी दिसते. 'व्हिडिओ डिकोड', म्हणजे फुटेज उलगडण्याचा आलेख, शंभराजवळ असेल तर फुटेज जड आहे. जीपीयूचा '३डी' किंवा 'कॉम्प्युट' शंभरावर असेल तर इफेक्ट जड आहेत, बहुधा नॉइज, म्हणजे चित्रातले रवे, काढणारा. अशा वेळी एन्कोडर अपडेट करून काही मिळणार नाही. तो इफेक्ट फक्त अंधाऱ्या क्लिपांपुरता ठेवा.

डिस्कबद्दल एक गैरसमज आहे. फाइल लवकर लिहिली जावी म्हणून लोक एसएसडी घेतात. २० एमबीपीएसची तासाची फिल्म तासात निघाली, तर सेकंदाला फक्त अडीच एमबी लिहिले जातात. तेवढं जुनी हार्ड डिस्कही करते. अडतं ते वाचताना. तीन कॅमेऱ्यांचं १०० एमबीपीएसचं फुटेज एकाच हार्ड डिस्कवर असेल, तर सेकंदाला ३७ एमबीहून जास्त वाचावे लागतात, तेही डिस्कच्या सुईला इकडून तिकडे उड्या मारायला लावून. एसएसडी घेतलीत तर चालू कामाचं फुटेज तिच्यावर ठेवा आणि तयार फिल्म हार्ड डिस्कवर काढा.

'चालतंय ते कशाला बदलायचं?'

हा आक्षेप रास्त आहे. ऐन सीझनमध्ये, हातात चार फिल्म अर्धवट असताना, अपडेट करूच नका. लग्नाचं शूटिंग पुन्हा होत नाही, आणि गेलेला प्रोजेक्ट परत बसवायला आठवडा लागतो. अपडेटची वेळ म्हणजे आषाढ-श्रावणाची सैल दुपार, गणपतीच्या आधी.

पण 'कधीच नको' हेही महागात पडतं. गिऱ्हाईक नव्या फोनवरचं फुटेज आणून देतं, ते उघडत नाही. यंत्र बिघडतं, नवं घ्यावं लागतं आणि त्यावर जुना प्रोग्रॅम बसत नाही. मग जे बदल सवडीनं, एकेक करून झाले असते, ते सगळे मुहूर्ताच्या आदल्या रात्री एकदम करावे लागतात. विंडोज १० वर असाल तर घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांना तो रीतसर मिळत नाही. त्यांच्यासाठी पैशांची तजवीज आतापासूनच सुरू करा.

अगदी ताजी आवृत्तीही घाईनं घेऊ नका. आकड्याच्या शेवटी शून्य असलेली मोठी आवृत्ती आली की थोडं थांबा. नव्या सोयींबरोबर नव्या चुकाही येतात, आणि त्या दुरुस्त करणारी '.१' किंवा '.२' मागून येते. ती घ्या.

अपडेट करायची रीत

क्रम महत्त्वाचा आहे. आधी हातातल्या सगळ्या फिल्म काढून द्या, रांगेत काही ठेवू नका. हँडब्रेक या व्हिडिओ नव्यानं एन्कोड करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर अपडेटआधी रांग रिकामी करणं आणि स्वतःचे प्रीसेट, म्हणजे ठरवून ठेवलेल्या सेटिंग्ज, बाहेर काढून ठेवणं हाच नियम आहे.

मग माघारीची वाट तयार करा. प्रीमिअरमध्ये जुना प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडला की तो बदलला जातो, आणि बदललेला प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही. म्हणून प्रोजेक्ट फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. अपडेट करताना 'जुनी आवृत्ती काढून टाका' ही खूण काढली, तर दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी राहतात. दाविंची रिझॉल्व्हमध्ये धोका जास्त, कारण तिथे सगळे प्रोजेक्ट एकाच डेटाबेसमध्ये असतात. मोठ्या आवृत्तीनं तो एकदा बदलला की जुनं रिझॉल्व्ह त्याकडे बघतही नाही. प्रोजेक्ट मॅनेजरमधून आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या डिस्कवर आहे याची डोळ्यांनी खात्री करा.

आता ड्रायव्हर. एनव्हिडियाचे दोन प्रकार मिळतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. दुसरा घ्या. तो एडिटिंगच्या प्रोग्रॅमांवर तपासून दिला जातो. बसवताना 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर खूण करा, म्हणजे जुन्या सेटिंग्जचा गाळ राहत नाही. यंत्र रीस्टार्ट करा. आधी जुन्याच प्रोग्रॅमवर तो दोन मिनिटांचा तुकडा काढून बघा. ठीक आला, तरच प्रोग्रॅम अपडेट करा, पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा तोच तुकडा. एका वेळी एकच बदल. दोन्ही एकदम बदलले आणि बिघडलं, तर दोष कुणाचा ते कळायला मार्ग राहत नाही. ड्रायव्हरनंच घोटाळा केला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं.

अपडेटनंतर सेटिंग्ज मूळपदावर जातात, हे पुष्कळ जण विसरतात. एन्कोडिंग 'हार्डवेअर'वर आहे ना, ते बघा. प्रीमिअरमध्ये 'टू पास', म्हणजे फिल्मवरून दोनदा फिरून एन्कोड करणं, निवडलं तर हार्डवेअर एन्कोडिंग मिळत नाही, ते 'वन पास'वर आणा. जुना मीडिया कॅशे, म्हणजे प्रोग्रॅमनं साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, काढून टाका. आणि मराठी-कानडी टायटल असलेला लग्नपत्रिकेचा एक व्हिडिओ उघडून बघा. मजकुराच्या मांडणीचा पर्याय 'साउथ एशियन'वरून हलला की जोडाक्षरं फुटतात, 'ज्ञानेश्वर'मधला 'ज्ञ' ज आणि ञ असा सुटा दिसतो, आणि कानडी ओत्तक्षरं (जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं) ओळीखाली न बसता शेजारी येतात. नवरदेवाचं नाव चुकलेली फिल्म कुणी कौतुकानं बघत नाही.

अपडेट करूनही बंद पडतं, तेव्हा

एकच प्रश्न विचारा: दर वेळी त्याच जागी बंद पडतं, की वेगवेगळ्या?

त्याच जागी असेल तर दोष टाइमलाइनमध्ये आहे. एखादी खराब क्लिप, एखादा प्लगइन, एखादा अवाढव्य आकाराचा फोटो. टक्केवारीवर जाऊ नका, टक्के आणि वेळ नेहमी जुळत नाहीत. फिल्मचे दोन भाग करा आणि वेगळे काढा. जो भाग पडतो त्याचे पुन्हा दोन. १८० मिनिटांचे ९०, ४५, २२, ११ आणि पाच. पाच फेऱ्यांत तुम्ही गुन्हेगारापर्यंत पोचता. तिथली क्लिप हँडब्रेकमधून नव्यानं काढून बसवा. पाहुण्यांच्या मोबाइलवरची क्लिप निघण्याची शक्यता मोठी. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग बदलत राहतो, त्यामुळे आवाज आणि ओठ सुटतात आणि काही प्रोग्रॅम अडखळतात. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून अशा सगळ्या क्लिपा आधीच सरळ करून घेणं उत्तम.

वेगवेगळ्या जागी असेल तर दोष यंत्रात आहे: उष्णता, वीज, रॅम किंवा ड्रायव्हर. दर वेळी साधारण पाऊण तासानं पडतं, मग फिल्म कुठलीही असो, तर आधी कॅबिनेट उघडा. पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटीत धुळीचा नमदा बसलेला दिसेल. सॉफ्टवेअर एन्कोडिंगमध्ये प्रोसेसर तासन्‌तास शंभर टक्के राबतो. तापमान ९५-१०० अंशांजवळ गेलं की तो आपला वेग कमी करतो, आणि शेवटी यंत्र बंद पडतं.

ग्राफिक्स कार्डाबाबत विंडोजचा एक नियम माहीत असू द्या. कार्डानं दोन सेकंद उत्तर दिलं नाही, तर विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, आणि एक्स्पोर्ट मेलेला असतो. कार्डाची मेमरी भरली की हे वारंवार घडतं. ४के टाइमलाइनवर नॉइज काढणारा इफेक्ट आणि ४ जीबीचं कार्ड ही जोडी टाळा.

रात्रीच्या एक्स्पोर्टचे वैरी आणखी साधे असतात. स्लीप मोड बंद करा. विंडोज अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, सीझनमध्ये थांबवून ठेवा, नाहीतर पहाटे तीनला यंत्र आपणहून रीस्टार्ट होतं. आणि वीज. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो; कार्डासकट एक्स्पोर्टला लागलेलं यंत्र तेवढं सहज ओढतं. तो यूपीएस नीट बंद करायला वेळ देईल, एक्स्पोर्ट पुरा करायला नाही. म्हणून लांब फिल्म अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भागांत काढा. डीएनएक्सएचआरसारख्या हलक्या आटवणीच्या कोडेकमध्ये भाग काढायचे आणि शेवटी एकत्र करून एच.२६४ बनवायची. जागा भरपूर लागते, पण वीज गेली तर एकच भाग पुन्हा काढावा लागतो.

'हार्डवेअरवर काढलं की क्वालिटी जाते'

दहा वर्षांपूर्वी हे बरंचसं खरं होतं. आज फरक उरलाय तो कमी बिटरेटवर. ५-६ एमबीपीएसमध्ये अक्षतांचं दृश्य बसवायचं असेल तर सॉफ्टवेअर एन्कोडर सावकाश शोधून जास्त चांगलं लिहितो. २० एमबीपीएसवर टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला फरक ओळखणं कठीण. म्हणून पेनड्राइव्हवर द्यायची फिल्म हार्डवेअरवर, थोडा बिटरेट वाढवून. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची छोटी क्लिप सॉफ्टवेअरवर, 'स्लो' प्रीसेटनं. यूट्यूबसाठी हार्डवेअर पुरेसं, कारण यूट्यूब तुमची फाइल पुन्हा एन्कोड करतंच. २५-३० फ्रेमच्या फुल एचडीसाठी त्यांची शिफारस ८ एमबीपीएसची, ४केसाठी ३५ ते ४५ ची.

क्रॅक केलेल्या प्रोग्रॅमचं काय?

त्याला अपडेट मिळत नाही, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं तिथे संपतं. त्यापेक्षा मोठं म्हणजे त्याच्याबरोबर व्हायरस येतो, आणि लोकांच्या घरची चित्रं त्याच डिस्कवर असतात. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, केडेनलाइव्ह, हँडब्रेक हे सगळं फुकट आणि रीतसर आहे. एडिटिंग शिकणाऱ्या मुलांना निदान तिथून सुरुवात करून द्या.

शेवटची तपासणी गिऱ्हाइकाच्या टीव्हीची

अपडेटनंतर प्रीसेट बदललेला राहिला, तर चुकून १०-बिट किंवा एचईव्हीसी फाइल निघते. तुमच्या यंत्रावर झकास चालते, गिऱ्हाइकाच्या जुन्या टीव्हीवर नुसता आवाज येतो. द्यायची फाइल एच.२६४, ८-बिट, एमपी४ एवढं ठरवून ठेवा.

आणि एक्स्पोर्ट थेट पेनड्राइव्हवर काढू नका. बाजारातले लहान पेनड्राइव्ह बहुधा फाइली मांडायच्या फॅट३२ पद्धतीचे असतात, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. २० एमबीपीएसची फिल्म साधारण २८ मिनिटांनी तिथे आदळते, आणि दोष सॉफ्टवेअरला जातो. फिल्म आधी डिस्कवर काढा, पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मग कॉपी करा. टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर फॅट३२ च ठेवा आणि फिल्म ४ जीबीच्या आतल्या भागांत द्या. देण्याआधी पेनड्राइव्ह स्टुडिओतल्या टीव्हीला लावून तीन जागा बघा: सुरुवातीचं टायटल, अक्षता आणि शेवटचा मिनिट.